काटा हलतो तोवर

पेंटीच्या वहीत माझ्या नावावर जमा आहेत
तीन नाताळ, सात रविवार
आणि जूनमधली ती न मावळणारी एक रात्र,
जेव्हा सगळं ऊलू समुद्राकाठी शेकोट्या पेटवतं
आणि मी बालविभागात
कुणाच्या तरी तापाचा आलेख काढत बसते.
एवढ्या भांडवलावर
वर्षातून सहा आठवडे सोडवून आणते मी,
सावकाराकडून पाटल्या सोडवाव्यात तसे,
मोजून, पुसून,
कुठे टवका उडालाय का बघत.

हेलेवीबाई विभागप्रमुख. वाईट नाहीत.
"रीक्का, दोन दगडांवर पाय ठेवून किती वर्षं?"
तेव्हा मी नुसती हसले.
उत्तर सुचलं ते संध्याकाळी,
गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडताना:
बाई, नदी ओलांडणाऱ्याचे पाय
दोन दगडांवरच असतात.
पण ते थोडं खोटंच होतं.
ओलांडणारा कधीतरी पलीकडे पोचतो.

सोबात नदीकाठी, हिंगणबेटाच्या फांदीला
चुओल वजनकाटा टांगतो.
खाली निळी चड्डी, तिच्यातून लोंबणारे दोन पाय.
पोर हातपाय झाडतं, काटा थरथरतो
सातावर, आठावर, पुन्हा सातावर.
पहिल्या वर्षी मी म्हणायची, थांब, स्थिर होऊ दे.
वहीतून मान वर न काढता चुओल म्हणाला,
"हलू दे, डॉक्टर.
तो हलायचा थांबला की मी धावतो."

न्याबोल दोन वर्षांची.
तिला चड्डीत बसवलं आणि काटा
शहाण्यासारखा, एकदम, थांबला.
पाच किलो आठशे.
आकडा वाचायला इतका सोपा कधीच गेला नव्हता.
चुओल धावला.

नाकातल्या नळीतून दूध, दर दोन तासांनी साठ मिलिलिटर.
रात्री बॅटरी दातांत धरून मी ते मोजत होते
तेव्हा तिच्या आईने, न्यादाकने,
मला नाही, चुओलला विचारलं:
ही बाई कधी जाणार?
"गुरुवारी."
"हं," म्हणाली ती,
बाजार कोणत्या वारी भरतो ते ऐकल्यासारखं.

गुरुवारी विमान वेळेवर आलं.
न्याबोलचा तो चौथा दिवस.
चुओलला सहा आठवडे नसतात.
त्याला वर्ष असतं, सबंध.
निघताना त्याने औषधं मागितली नाहीत.
म्हणाला, जवळचा चष्मा आण, दोन नंबरचा,
काटा आता पुसट दिसतो.

इथे सोमवार.
ओनी, वय चार, कान धरून बसलेला,
आणि त्याची ओशाळलेली आई:
"तुम्ही तिकडून आलात, आणि मी हे असलं काहीतरी घेऊन…"
नाही हो.
कान दुखतो तेव्हा सबंध दुखतो.
मी तराजू लावून ऐकत नाही.
(लावते. पहिले तीन दिवस.
मग हात दुखून येतो आणि तो आपोआप सुटतो.)
ओनी वजनाच्या यंत्रावर नाचतो, आकडा ठरत नाही,
परिचारिका दटावते त्याला
आणि माझ्या तोंडून निसटतं, हलू दे.
दोघी माझ्याकडे बघतात.

न्याबोलचं पुढे काय झालं
ते चुओलने कळवलेलं नाही.
मीही विचारलेलं नाही.
तिथे नेटवर्क नसतं, असं मी लोकांना सांगते.
असतं. नदीकडच्या टेकाडावर, संध्याकाळी.

आज पेंटीच्या वहीत आणखी एक नाताळ लिहून आले.
वाटेत चष्मा घेतला.
दुकानात तो स्वतःच लावून पाहिला:
हातातल्या पावतीवरची अक्षरं टपोरी झाली,
आणि काचेपलीकडचा रस्ता,
माणसं, ट्रॅफिकचे दिवे,
सगळं धुकं.